मैफलीचा पियानो, शिकवणीचा पियानो

पॅरिसमध्ये शोपँच्या घरी तास संपला की शिष्य शेकोटीवरच्या फळीवर २० फ्रँक ठेवत आणि निघत. १८३१ मध्ये तो त्या शहरात आला, १८४९ मध्ये तिथंच वारला. या १८ वर्षांत त्याच्या जाहीर मैफली झाल्या त्या जेमतेम तीसेक. घरभाडं, नोकर, घोडागाडी, अंगावरचे उंची कपडे, हा सगळा खर्च चालायचा तो शिकवण्यांवर आणि प्रकाशकांकडून येणाऱ्या पैशांवर.

माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी आधी हे सांगते, कारण त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "मुलगी छान वाजवते, पियानोतच पुढं जायचं म्हणते. पण मैफली मिळाल्या नाहीत तर शेवटी शिकवण्याच घ्याव्या लागतील ना?" त्यातल्या 'शेवटी' या शब्दाला माझी हरकत आहे. या वाद्याच्या इतिहासात ज्यांची नावं आदरानं घेतली जातात, त्यातले कितीतरी जण ऐन उमेदीत वाजवतही होते आणि शिकवतही होते. म्हणून या वाटेला लागू पाहणाऱ्या मुलामुलींना आणि नुकताच डिप्लोमा हातात आलेल्या तरुण शिक्षकांना माझं सांगणं आहे की दोन्ही कामांची तयारी पहिल्यापासून, बरोबरीनं करा. शिकवायला शिकणं हे वाजवायला शिकण्याइतकंच मेहनतीचं आहे, आणि त्याला उशिरा सुरुवात केली तर ते अंगवळणी पडत नाही.

आपल्याकडे गवयाला विचारतात, तालीम कुणाची? पियानोवाल्यांतही हा प्रश्न निघतो. बीथोव्हनकडे कार्ल चेर्नी शिकला. चेर्नीकडे फ्रान्झ लिस्ट आणि थिओडोर लेशेटिट्स्की. लेशेटिट्स्कीकडे आर्टुर श्नाबेल, ज्यानं १९३२ ते १९३५ या वर्षांत बीथोव्हनचे सगळे ३२ सोनाटे पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केले. श्नाबेलकडे इटलीत कोमो सरोवराच्या काठी १९३८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला एक लहान मुलगा शिकायला बसला, लिऑन फ्लायशर. त्याच्याकडे मी पुढं पुन्हा येणार आहे. या साखळीतली प्रत्येक कडी स्वतः वाजवणारी होती, आणि शिकवणाऱ्यामुळेच पुढच्या कडीला जोडलेली होती.

मला या बाबतीत सर्वांत जवळची वाटते ती क्लारा शूमान. १८२८ मध्ये, नऊ वर्षांची असताना ती लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला बसली. वडील फ्रिडरिश वीक हेच तिचे शिक्षक. १८५६ मध्ये नवरा रॉबर्ट गेला तेव्हा सात मुलं पदरात होती. तिनं दौऱ्यांवर दौरे करून ती वाढवली. १८७८ मध्ये फ्रँकफर्टच्या हॉख कॉन्झर्व्हेटरीनं तिला बोलावलं तेव्हा तिनं घरीच शिकवण्याची आणि मैफलींसाठी बाहेर जाण्याची मुभा आधी मागून घेतली. मारी आणि ऑयगेनी या तिच्या मुली विद्यार्थ्यांची प्राथमिक तयारी करून घेत आणि मग ते क्लारासमोर बसत. आज एखाद्या शाळेत संगीतशिक्षकाची नोकरी घेताना माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच करायला लावते. वर्षातून किती दिवस वाजवायला बाहेर जाता येईल, शाळेच्या सभागृहातला पियानो सुट्टीच्या दिवशी सरावाला मिळेल का, हे नेमणूकपत्रात लिहून घ्या. तोंडी कबुली पहिल्या स्नेहसंमेलनापर्यंतही टिकत नाही.

आता सुरुवातीबद्दल. सहा ते आठ वर्षं हे वय चांगलं. बोटं पट्ट्यांवर बऱ्यापैकी पोचतात, मूल वाचायला लागलेलं असतं आणि चुकण्याची लाज अजून आलेली नसते. तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरुवात केलेल्याला एकल मैफलींचा वादक होणं फार कठीण जातं. हे लपवून ठेवणारा शिक्षक मुलाचं नुकसान करतो. पण त्याच मुलाला उत्तम शिक्षक, गायकांचा साथीदार, संगीतरचनाकार होता येतं. ही वाट त्याला वेळीच दाखवायला हवी.

वाद्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथं पैसे चुकीच्या ठिकाणी जातात. ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड घेऊन 'आवड टिकते का ते आधी पाहू' असं म्हणणाऱ्या घरात आवड सहसा टिकत नाही. त्या पट्ट्यांना वजनच नसतं, बोटांना करायला काही उरत नाही. पहिली दोन-तीन वर्षं डिजिटल पियानो चालेल, पण त्याला पूर्ण ८८ पट्ट्या हव्यात, खऱ्या हातोड्यांसारखं वजन हवं, पेडल हवं आणि स्टँड डगमगता कामा नये. तिसऱ्या-चौथ्या ग्रेडपासून मात्र तारांचा पियानो लागतोच. जुना अपराइट घ्यायचा असेल तर ट्यूनरला बरोबर घेऊन जा. वरची पॉलिश तुम्हाला दिसेल, पण आतल्या खुंट्या ढिल्या झाल्यात का, ध्वनिफलकाला तडा आहे का, हे त्यालाच कळेल. खुंट्या तार धरेनाशा झाल्या असतील तर तो पियानो फुकट मिळाला तरी महाग पडतो.

कोकणपट्टीचा पावसाळा हा पियानोचा मोठा शत्रू. लाकूड फुगतं, फेल्ट ओलं होतं, पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, तारांना गंज चढतो. मुंबईच्या जुन्या घरांत पावसाळाभर पियानोच्या पोटात एक लहान दिवा जळता ठेवायचे. आता त्यासाठी खास हीटरच्या नळ्या मिळतात, त्या ट्यूनरकडूनच बसवून घ्या, उघडा दिवा ठेवू नका. पियानो बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, खिडकीखाली ठेवू नका आणि वरून झाकणावर फुलदाणी तर मुळीच ठेवू नका. ट्यूनिंग वर्षातून दोनदा करा. एकदा दिवाळीनंतर, हवा कोरडी होऊन स्थिरावली की, आणि एकदा उन्हाळ्यात. पाऊस ऐन भरात असताना केलेलं ट्यूनिंग दसऱ्यापर्यंत उतरलेलं असतं.

मराठी घरातून येणाऱ्या मुलांची एक गोष्ट मला शिकवायला लागल्यावर उशिरा लक्षात आली, ती तरुण शिक्षकांनी आधीच लक्षात घ्यावी. ही मुलं बऱ्याचदा पेटीवरून येतात. पांढरी एक म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असतं, सूर कानात पक्के असतात, आणि ही मोठीच पुंजी आहे. पण पेटीत पट्टी हळू दाबली काय आणि जोरात दाबली काय, आवाजाचं लहानमोठेपण भात्यावर ठरतं. पियानोत ते सगळं पट्टी किती वेगानं खाली जाते त्यावर ठरतं. शिवाय पेटीचा डावा हात भाता मारतो, त्यामुळे त्याची बोटं कच्ची राहतात. आणि पेटीचा सूर पट्टी सोडेपर्यंत भरलेला राहतो, पियानोचा सूर मात्र वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. या मुलांना मी पहिले काही आठवडे एकच सूर वाजवून तो पूर्ण विझेपर्यंत ऐकायला लावते. मग दुसरा सूर पहिल्याच्या विरत्या आवाजाला जुळेल इतकाच वाजवायचा. सूर जोडून वाजवणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही, तिथंच कळतं. डाव्या हाताला मी पहिल्या महिन्यापासून सोप्या सुरावटी देते, नुसते ठेक्याचे सूर देत नाही.

परीक्षांविषयी माझं मत अनेकांना रुचत नाही. असोसिएटेड बोर्ड (स्थापना १८८९) आणि ट्रिनिटी या लंडनच्या दोन संस्थांच्या परीक्षा मुंबई, पुणे, गोवा सगळीकडे होतात. ग्रेड आठ, त्यावर डिप्लोमा. असोसिएटेड बोर्डाच्या सहाव्या ग्रेडच्या आधी पाचव्या ग्रेडची थिअरी उत्तीर्ण व्हावी लागते. ट्रिनिटीत तशी अट नाही. अभ्यासाला शिस्त लागते, बाहेरच्या परीक्षकाचे चार शब्द ऐकायला मिळतात, इथपर्यंत ठीक. पण वर्षभर तेच तीन तुकडे घोटायचे, गुणपत्रिका आली की पुढचे तीन, असं करत आठवी ग्रेड गाठलेल्या मुलाच्या हाताखालून आठ वर्षांत पंचवीसएक रचना गेलेल्या असतात. त्याला समोर नवीन पान ठेवलं तर वाचता येत नाही. माझा सल्ला आहे की ग्रेड एक सोडून एक द्या. मधल्या वर्षात बाखची छोटी प्रिल्यूड, हायडनचे सोपे सोनाटे, बार्टोकचे तुकडे अशा वीसएक रचना वाजवा, काही मैफलीसारख्या पक्क्या, काही नुसत्या वाचून सोडून द्यायच्या.

वाचण्यावर मी भर देते त्याला पोटापाण्याचं कारणही आहे. व्हायोलिन, बासरी, गायन यांच्या परीक्षा देणाऱ्या प्रत्येक मुलाला पियानोची साथ लागते, आणि परीक्षेच्या हंगामात चांगला साथीदार शोधत पालक वणवण फिरतात. नवीन पान समोर आल्यावर न थांबता वाजवू शकणारा, गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर थांबणारा साथीदार असेल तर त्याला वर्षभर काम आहे. जेराल्ड मूर (१८९९–१९८७) यानं तर आयुष्यभर साथच केली आणि साथीदाराला मंचावर मान मिळवून दिला. परदेशात ऑपेराच्या तालमींना, बॅलेच्या वर्गांना, कॉन्झर्व्हेटरीतल्या विद्यार्थ्यांच्या वादनांना असेच हात लागतात. एकल वादक व्हायचं स्वप्न असणाऱ्यानंही आठवड्यातले दोन तास दुसऱ्याबरोबर वाजवण्यात घालवावेत. ऐकायची सवय तिथं लागते.

परदेशी शिक्षणासाठी जायचं ठरलं तर दोन वर्षं आधीपासून तयारी करा. इंग्लंडमधल्या कॉन्झर्व्हेटरींचे अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच भरावे लागतात. आपल्याकडची मुलं बारावीच्या निकालाची वाट पाहत बसतात आणि वर्ष घालवतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आधी ध्वनिचित्रफीत मागवतात, ती पसंत पडली तरच प्रत्यक्ष ऑडिशन. फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत १९२८ पासून कुणाकडूनच शिक्षणशुल्क घेतलं जात नाही, पण तिथं जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. जर्मनीत सरकारी संगीत विद्यापीठांचं शुल्क कमी. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो भरावे लागतात. जर्मन भाषा आली पाहिजेच. ऑडिशनला साधारणपणे बाखचा प्रिल्यूड आणि फ्यूग, एक अभिजात सोनाटा, एक-दोन एट्यूड, एक रोमँटिक काळातली मोठी रचना आणि विसाव्या शतकातलं किंवा नंतरचं काहीतरी लागतं, आणि हे सगळं पाठ. नेमकी यादी त्या-त्या संस्थेची पाहून घ्या.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मुलं विचारतात, कुठली संस्था चांगली? मी म्हणते, इमारत निवडू नका, शिक्षक निवडा. चार वर्षं आठवड्यातून एक तास तुम्ही ज्या माणसासमोर बसणार आहात, त्याला आधी पत्र लिहा, एक तास मागा, त्याचे पैसे द्या आणि त्या तासात तुम्हाला ऐकू काय येतं ते पाहा. मी स्वतः हे केलं नव्हतं. नावाच्या मोहानं एका मोठ्या शिक्षकाच्या वर्गात गेले आणि त्याची किंमत मोजली.

त्या वर्षी माझ्या उजव्या मनगटात कळ यायला लागली. शिक्षक म्हणाले, दुखतंय म्हणजे हात तयार होतोय. मी तीन महिने ते मुकाट्यानं ऐकलं. रोज सात-सात तास वाजवत राहिले, रात्री हात गरम पाण्यात बुडवून ठेवायची, घरी फोनवर सगळं छान चाललंय म्हणून सांगायची. चौथ्या महिन्यात चहाचा कप उचलता येईना. आठ महिने पियानो बंद झाला. हे दुखणं बरं झालं, म्हणून आज लिहू शकते. सगळ्यांचं होत नाही.

लिऑन फ्लायशरचं उदाहरण मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. १९५२ मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकणारा तो पहिला अमेरिकन. जॉर्ज सेल आणि क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राबरोबर त्यानं केलेली बीथोव्हन आणि ब्राम्सच्या कन्चेर्तोंची ध्वनिमुद्रणं आजही मानदंड मानली जातात. ऐन भरात, वयाच्या छत्तिशीत, त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळायला लागली आणि सरळ होईनात. फोकल डिस्टोनिया हे नाव त्या दुखण्याला मिळायलाही बराच काळ गेला. तीस वर्षं तो उजव्या हातानं मैफल करू शकला नाही. त्यानं डाव्या हातासाठीच्या रचना वाजवल्या, त्यात रावेलनं पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विटगेनश्टाइनसाठी लिहिलेला कन्चेर्तो होता. वाद्यवृंद संचालन केलं. आणि शिकवलं. पण हे लक्षात घ्या की बॉल्टिमोरच्या पीबडीमध्ये तो १९५९ पासूनच शिकवत होता, हात बिघडण्याच्या कितीतरी आधीपासून. तो आयता तयार शिक्षक होता, म्हणून हात गेला त्या दिवशी संगीत गेलं नाही. पुढं बोटॉक्सच्या उपचारांनी बोटं सैल झाली आणि २००४ मध्ये 'टू हँड्स' ही ध्वनिमुद्रिका आली. २०२० मध्ये तो वारला. त्याच्याच वर्षी, १९२८ मध्ये जन्मलेल्या गॅरी ग्राफमनचाही उजवा हात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस असाच गेला. तो पुढं कर्टिसचा प्रमुख झाला. लांग लांग आणि युजा वांग हे दोघं त्याचे विद्यार्थी.

म्हणून हाताबद्दलचे माझे नियम कडक आहेत. दुखलं की थांबायचं, त्याच मिनिटाला, मैफल आठवड्यावर आली असली तरी. सलग चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वाजवायचं नाही, मध्ये उठून चालायचं. स्टुलाची उंची अशी की कोपर पट्ट्यांच्या पातळीला यावं; लहान मुलांच्या पायाखाली पाट द्या, लोंबकळत्या पायांचा ताण थेट खांद्यात जातो. परीक्षा जवळ आली म्हणून दोन तासांचे एकदम पाच तास करू नका. शोपँ आपल्या शिष्यांना दिवसाला तीन तासांच्या पुढं वाजवू देत नसे. उरलेल्या वेळात पान समोर ठेवून, हात मांडीवर ठेवून, डोक्यात वाजवा. हे सुरुवातीला अशक्य वाटतं, सहा महिन्यांत जमतं, आणि पाठांतर बोटांच्या सवयीवर न राहता डोक्यात पक्कं होतं. दोन आठवड्यांत दुखणं गेलं नाही तर हाताच्या डॉक्टरकडे जा. तेल लावून, पट्टा बांधून सराव चालू ठेवू नका. शिक्षकाला सांगायची भीती वाटत असेल, तर शिक्षक बदला.

स्पर्धांचा विषय निघतोच. वॉर्सातली शोपँ स्पर्धा १९२७ पासून, साधारण दर पाच वर्षांनी होते. १९८० मध्ये ती जिंकणारा डांग थाय सन हा पहिला आशियाई. व्हिएतनामचा. आई पियानोची शिक्षिका. युद्धाच्या दिवसांत हनोईची संगीतशाळा खेड्यात हलवली होती, तिथं त्याचं बालपण गेलं. नंतर मॉस्कोला शिकला. मग त्यानं काय केलं? वाजवलं आणि शिकवलं. २०२१ मध्ये त्याचा विद्यार्थी ब्रूस लिऊ यानं तीच स्पर्धा जिंकली. आपल्याकडे या संगीताची परंपरा नाही, आपल्याला हे कसं जमणार, असं म्हणणाऱ्यांना मी या दोघांची नावं सांगते. स्पर्धेत जरूर उतरा, पण अठरा ते अठ्ठावीस या वयात, आणि प्रत्येक स्पर्धेतून मंचावर पाठ वाजवता येईल असा एक नवा कार्यक्रम घेऊन बाहेर या. बक्षीस मिळो न मिळो, तो कार्यक्रम तुमचा राहतो. आणि इंग्लंडमधली लीड्सची प्रसिद्ध स्पर्धा कुणी सुरू केली तेही माहीत असू द्या. फॅनी वॉटरमन या त्याच शहरातल्या शिक्षिकेनं. मूल झाल्यावर मैफली सोडून तिनं शिकवणं पत्करलं. १९६३ मध्ये पहिली स्पर्धा झाली. १९६९ मध्ये तिथं राडू लुपू जिंकला, १९७२ मध्ये मरे पराया.

आता शिकवायला कसं शिकायचं? सतराव्या-अठराव्या वर्षी एक विद्यार्थी घ्या, एकच, आणि महिन्यातून एकदा त्याला घेऊन आपल्या शिक्षकासमोर बसा. क्लाराच्या मुली हेच काम करत होत्या. शिक्षकाच्या इतर विद्यार्थ्यांचे तास कोपऱ्यात बसून ऐकायची परवानगी मागा. स्वतःच्या तासात माणूस आपल्या चुकांत गुंतलेला असतो. दुसऱ्याच्या तासात शिक्षकानं कुठं बोलायचं टाळलं ते दिसतं. असोसिएटेड बोर्ड आणि ट्रिनिटी दोघांच्याही अध्यापनाच्या वेगळ्या पदविका आहेत. वादनाचा डिप्लोमा झाला की तिथं थांबू नका, हाही करा.

पहिल्या तासाला पुस्तक उघडू नका. दोन काळ्या आणि तीन काळ्या पट्ट्यांचे गट मुलाला डोळे मिटून शोधू द्या, त्याला येणारं गाणं गाऊन घ्या, ते एका बोटानं वाजवू द्या. तुम्ही वाजवून दाखवा, पण प्रत्येक वेळी नाही, नाहीतर मूल तुमची नक्कल करतं आणि पान वाचत नाही. घरी करायच्या गोष्टी वहीत लिहून द्या, जास्तीत जास्त तीन, आणि 'सराव कर' असं न लिहिता 'तिसरी ओळ, फक्त डावा हात, हळू, पाच वेळा' असं लिहा. लहान मुलांच्या तासाला आई किंवा वडील खोलीत असू द्या, निदान दार उघडं ठेवा. हा नियम सगळ्यांसाठी सारखा ठेवला की कुणाला वाईट वाटत नाही.

या व्यवसायाचा दिवस उलटा असतो. मुलं शाळेतून सुटली की तुमचं काम सुरू होतं आणि रात्री आठ-साडेआठपर्यंत चालतं. शनिवार-रविवार सर्वांत जास्त तास. घरच्यांना ही कल्पना लग्नाआधीच दिलेली बरी. स्वतःचा सराव सकाळीच, पहिला विद्यार्थी यायच्या आधी. संध्याकाळी शिकवून थकलेला कान काही ऐकत नाही. मी आजही सकाळी दोन तास फोन बंद ठेवते.

फीबद्दल बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो, विद्येचे पैसे कसे मागायचे म्हणून. मागा. तीन महिन्यांची फी आगाऊ घ्या, किती तास होणार ते सांगा, न कळवता चुकवलेला तास भरून मिळणार नाही हे एका कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी सही करा. ज्याला फी परवडत नाही त्याच्यासाठी दोन जागा वेगळ्या ठेवा आणि त्याची वाच्यता करू नका. उत्पन्न चार ठिकाणांहून येतं असं धरून चाला. खासगी तास, शाळा, साथ आणि मैफल. मैफलीची कमाई या चौघांत बहुधा सर्वांत कमी असते, पण बाकीच्या तिघांना जीव तिच्यामुळे येतो.

मैफली मिळतात कुठं? मुंबईत राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र आहे, तिथंच २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. पणजीत कला अकादमी आहे. पण अशा मंचावरून बोलावणं येईपर्यंत हात जोडून बसू नका. गोव्यातल्या पॅरिश शाळांत सूरलिपी शिकलेले संगीतकार मुंबईत येऊन धोबी तलावच्या खोल्यांत शिकवत राहिले, लग्नांत, क्लबांत, चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवत राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच. व्हायोलिनवादक, चित्रपटसंगीताचे अरेंजर, आणि प्यारेलाल यांचे गुरू. त्यांनी १९५८ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. मंच नव्हता तर त्यांनी बांधला. तुम्हीही ज्या शाळेत, ग्रंथालयात, चर्चमध्ये, कुणाच्या दिवाणखान्यात बरा पियानो आहे त्यांची यादी करा. मध्यंतर न घेता ५० मिनिटांचा कार्यक्रम ठरवा. प्रत्येक रचनेआधी दोन मिनिटं मराठीत बोला. सोनाट्याची मुख्य सुरावट आधी वाजवून दाखवा, ती पुढं कुठं परत येते ते सांगा. दादर-पार्ल्यातला ख्याल ऐकणारा श्रोता असा कान देतो की परदेशातही तसा क्वचित मिळेल. त्याला फक्त दार दाखवावं लागतं.

आणि वर्षातून दोनदा आपल्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम करा. सभागृह आदल्या दिवशी तासभर मिळेल असं आधीच ठरवा, म्हणजे प्रत्येक मुलाला त्या अनोळखी पियानोवर पाच मिनिटं बसता येईल. मंचावर कसं जायचं, स्टूल कसं सरकवायचं, नमस्कार कसा करायचा, चुकलं तर न थांबता पुढं कसं जायचं, याचीही तालीम घ्या. कार्यक्रम सर्वांत लहान मुलापासून सुरू करा. शेवटी तुम्ही वाजवा, या सहा महिन्यांत नव्यानं बसवलेलं काहीतरी, पाठ, आणि कार्यक्रमपत्रिकेत तुमचं नाव मुलांच्या नावांखाली, त्याच अक्षरांत छापा.